न्यूट्रोफिलचं जाळं: जंतूंसाठीचा सापळा कॅन्सरला जागं कसं करतो?

लॅबने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली सीबीसी रिपोर्टची पीडीएफ उघडा. त्यात ‘न्यूट्रोफिल्स’ अशी एक ओळ दिसेल, समोर बहुतेक ४० ते ७० टक्क्यांमधला आकडा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये सगळ्यात जास्त संख्या यांचीच. जंतू शिरले की आधी धावून येतात त्याही याच.

जंतू गिळणं हे त्यांचं जुनं, माहितीतलं काम. २००४ मध्ये बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक दाखवलं: या पेशी स्वतःचा डीएनए उलगडून चक्क बाहेर फेकतात! त्याचं चिकट जाळं होतं, त्यावर प्रथिनं कापणारी एन्झाइम्स असतात आणि जंतू त्यात अडकतात. बऱ्याचदा हे करताना पेशी स्वतः मरते. इंग्रजी आद्याक्षरांवरून या जाळ्याला ‘नेट’ म्हणतात. नाव अगदी फिट बसलंय.

मग यात कॅन्सर कुठून आला?

स्तनाच्या कॅन्सरची गाठ काढली तरी काही पेशी आधीच फुफ्फुसासारख्या अवयवात जाऊन बसलेल्या असू शकतात. त्या वाढत नाहीत, मरतही नाहीत. कधीकधी वर्षानुवर्षं नुसत्या झोपून राहतात. त्यांना उठवतं कोण? अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत मिकाला एगेब्लाड यांच्या टीमने हे उंदरांवर तपासलं. निष्कर्ष २०१८ मध्ये आले. उंदरांना तंबाखूच्या धुरात ठेवलं. फुफ्फुसांत दाह झाला, न्यूट्रोफिल जमले, जाळी पसरली. जाळ्यावरच्या दोन एन्झाइम्सनी पेशींभोवतीचं लॅमिनिन हे प्रथिन कापलं. कापलेलं लॅमिनिनच झोपलेल्या कॅन्सर पेशींसाठी अलार्म ठरलं, आणि त्या पुन्हा वाढायला लागल्या. जाळं विरघळवणारं एन्झाइम किंवा कापलेल्या लॅमिनिनला चिकटणारी अँटीबॉडी दिली, तेव्हा हा अलार्म दाबता आला.

लगेच ‘कॅन्सरवर औषध सापडलं’ असा फॉरवर्ड करू नका. हे उंदरांमधलं काम आहे. शिवाय ही जाळी सरसकट बंद केली तर जंतूंशी कोण लढणार, हा प्रश्न आहेच. सिगारेटचा धूर मात्र आपल्या हातात आहे.

आणि हो, रिपोर्टमधला न्यूट्रोफिलचा आकडा वाढला म्हणजे कॅन्सर, असं अजिबात नाही. साध्या इन्फेक्शनमध्येही तो वाढतो, तेव्हा गुगल करण्याऐवजी डॉक्टरांना दाखवा. सीबीसीमध्ये पेशी मोजतात, जाळी नाही.