लॉगमध्ये दिसलं नाही, म्हणजे काय?

मंडळी, मागच्या खेपेला कुणीतरी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाला लिनक्सच्या लॉगमध्ये काय सापडतं? मला तिथे अनुपलब्धी सापडली.

माझ्या लॅपटॉपवर यूडेव्हचा एक नियम आहे. ठरावीक यूएसबी डिस्क जोडली, की टिपणांची प्रत घेणारी सेवा सुरू करणारी छोटी स्क्रिप्ट चालव. (प्रत थेट यूडेव्हकडून घेऊ नये, फार वेळ चालणारं काम तो मध्येच मारतो.) परवा डिस्क उघडली, तर शेवटची फाईल दहा महिन्यांपूर्वीची! मधलं सगळं लेखन एकट्या या जुन्या लॅपटॉपवर. आणि मी तर जर्नलसीटीएलमध्ये यूडेव्हच्या नोंदी अधूनमधून पाहत होतो. तक्रार एकही नव्हती, म्हणून काम होतंय असं धरून चाललो.

भाट्ट मीमांसकांनी माझा कान धरला असता. अनुपलब्धी हे त्यांचं सहावं प्रमाण. पण प्रत्येक 'दिसत नाही' हे प्रमाण नव्हे. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. उजेडात घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात न दिसण्याला काय किंमत? हीच योग्यानुपलब्धी. यूडेव्हचा नेहमीचा लॉग या बाबतीत अंधारच. स्क्रिप्ट चालून फसली तर तो बोलतो. पण नियम लागू होऊन सगळं नीट पार पडलं तरी गप्प, आणि नियम मुळात जुळलाच नाही तरीही गप्प!

तेव्हा आधी दिवा लावला. 'यूडेव्हअॅडम कंट्रोल' वापरून लॉगची पातळी डीबगवर नेली, डिस्क काढून पुन्हा जोडली. नोंदींचा पूर आला, पण त्यात माझ्या स्क्रिप्टचं नाव कुठेच नाही. या 'नाही'ला आता वजन होतं. नियम जुळतच नव्हता.

चूक माझीच. त्याच कंपनीची दुसरी डिस्क घेतली, तेव्हा नियमात मॉडेलची अट वाढवली होती. 'यूडेव्हअॅडम इन्फो'ला विचारलं तर तो उपकरणाची वंशावळ मांडतो: डिस्क, तिच्या वर स्कझी उपकरण, त्याच्याही वर यूएसबी. पूर्वजांविषयीच्या सगळ्या अटी एका नियमात एकाच पूर्वजाकडे जुळाव्या लागतात. माझा व्हेंडर क्रमांक यूएसबीकडचा आणि मॉडेल स्कझीकडचं. आजोबांचं नाव घ्यायचं आणि पत्ता वडिलांचा द्यायचा, तसं झालं. मॉडेल काढून यूएसबीकडचाच सिरीयल क्रमांक घातला, डिस्क पुन्हा जोडली. नोंदीत माझी फाईल, ओळ क्रमांक आणि स्क्रिप्ट, तिन्ही उमटली. प्रत पूर्ण व्हायला चहा होईपर्यंतचा वेळ लागला. मग पातळी परत खाली आणली, नाहीतर जर्नल भरून वाहतं.