दुसऱ्या अल्बमची परीक्षा

भिलाई : रेल्वेचे रूळ घडविणाऱ्या या पोलादनगरीत ‘द लोकल ट्रेन’ म्हटले की आधी आगगाडी आठवावी, हे स्वाभाविक आहे. येथील कारखान्यात १३० मीटर लांबीचा अखंड रूळ तयार होतो. देशभरातील महाविद्यालयीन तरुणांच्या लेखी मात्र हे नाव एका हिंदी रॉक-पॉप बँडचे आहे. चित्रपटसंगीताचा आधार न घेता स्वतःची गाणी स्वतः रचून गाणाऱ्या अशा बँडना ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, म्हटले जाते. त्यांच्या उपजीविकेचा मोठा भाग महाविद्यालयीन महोत्सवांवर चालतो. आयआयटी भिलाई ही संस्था २०१६ मध्ये सुरू झाली. भिलाई-दुर्ग परिसरातील अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा तर त्याहून जुनी आहे. त्यामुळे इंडी संगीताचा श्रोता कोठे घडतो, हे समजून घेण्यास हे शहर योग्य ठरते.

अशा बँडची खरी कसोटी दुसऱ्या अल्बमला लागते. पहिल्या अल्बममागे अनेक वर्षांची शिदोरी असते. वसतिगृहात सुचलेल्या चाली, पहिले प्रेम, घरच्यांशी झालेले वाद असे सारे त्यात येते. नको ते गाळण्यास सवडही मिळते. दुसऱ्या वेळी शिदोरी संपलेली असते, हाती वेळ थोडा असतो आणि मधली वर्षे प्रवास, हॉटेले व मंच यांतच गेलेली असतात. पहिल्याचीच नक्कल केली तर साचलेपणाचा ठपका येतो. फार बदल केला तर श्रोता दुरावतो.

‘द लोकल ट्रेन’ची स्थापना २००८ मध्ये चंदीगडमध्ये झाली. ‘आलस का पेड़’ हा पहिला अल्बम आला २०१५ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. ‘छू लो’ आणि ‘आओगे तुम कभी’ ही त्यातील गाणी चित्रपटाविना तरुणांच्या तोंडी बसली. ‘वाक़िफ़’ हा दुसरा अल्बम २०१८ मध्ये, जेमतेम तीन वर्षांत आला. शीर्षकांतच फरक दिसतो. पहिल्यात तारुण्यातील आळसावरची मिश्कील कल्पना आहे; दुसऱ्यात ‘जाणकार’ या अर्थाचा गंभीर शब्द. ‘ख़ुदी’, ‘दिल मेरे’, ‘मेरे यार’ या गाण्यांत उत्साह ओसरलेला नाही, पण तो अधिक अंतर्मुख झाला आहे. २०१५ मध्ये महाविद्यालयात असलेला श्रोता तोवर नोकरीच्या शोधात बाहेर पडला होता. बँड त्याच्याबरोबर मोठा झाला, हेच ‘वाक़िफ़’चे खरे यश मानावे लागेल. २०२२ मध्ये गायक रमण नेगी यांनी बँड सोडला.

इंग्लंडमधील शेफिल्ड हेही पोलादाचेच शहर. तेथील ‘आर्क्टिक मंकीज’च्या पहिल्या अल्बमच्या जानेवारी २००६ मध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६३ हजारांहून अधिक प्रती खपल्या. दुसरा अल्बम पंधरा महिन्यांत आला. मधल्या काळात बासवादक बदलला होता. तरीही सरलेल्या तारुण्याकडे वळून पाहणारे ‘फ्लुओरेसंट अ‍ॅडोलेसंट’ हे गाणे याच दुसऱ्या अल्बममधले. ते प्रसिद्ध झाले तेव्हा गायक अ‍ॅलेक्स टर्नर एकवीस वर्षांचे होते!

भिलाईसारख्या शहरांतील मुलांची अडचण निराळी आहे. गिटार स्वस्त झाली, घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण शक्य झाले आणि गाणे इंटरनेटवर चढविण्यासाठी मुंबईच्या कंपनीची गरज उरली नाही. पहिला अल्बम त्यामुळे आवाक्यात आला आहे. पण पदवी हाती येताच ड्रमवादक बंगळुरूला, गायिका पुण्याला आणि गिटारवादक हैदराबादला नोकरीसाठी जातो. एकत्र सराव थांबतो. गाणी सुटी-सुटी, एकेक करून येऊ लागतात. दुसऱ्या अल्बमसाठी प्रतिभेइतकीच लागते ती चौघांनी एका गावात आणखी दोन-तीन वर्षे राहण्याची सोय, आणि सरावाची खोली, लहान सभागृह, तिकीट काढून येणारा श्रोता यांवाचून ती सोय होत नाही.