घड्याळ चालतंय, वेळ सरत नाही

सिगारेट सोडल्याच्या पहिल्या दिवशी हमखास कानावर येणारं वाक्य : ‘अरे, आत्ताशी अकराच वाजले?’

हा नुसता कंटाळा नव्हे. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या लॉरा क्लाइन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं, २००३ साली छापलं. धूम्रपान करणाऱ्यांना ४५ सेकंदांचा अंदाज करायला लावला. नेहमीसारखी सिगारेट चालू होती तोवर त्यांचा अंदाज न ओढणाऱ्यांच्या तोडीचा होता. २४ तास सिगारेट बंद, आणि तेच ४५ सेकंद त्यांना चांगलेच लांबलचक वाटले!

झुरका घेतला की १०-२० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि तिथलं डोपामिन हे रसायन वाढवतं. वेळेचा अंदाज बांधण्यातही याच डोपामिनचा हात असतो. रक्तातलं निम्मं निकोटिन मात्र दोनेक तासांत उतरतं. मग हात आपोआप खिशाकडे जातो.

आमच्या दादाने सोडली तेव्हा दुसऱ्या दिवशी तो ओट्यापाशी चहाच्या भांड्याकडे टक लावून उभा होता. ‘गॅस बारीक आहे का गं?’ तीनदा विचारलं. गॅस मोठाच होता.

आता घाईचं बघा. संशोधक वॉरन बिकेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लोकांपुढे पर्याय ठेवला : आत्ता थोडे पैसे, की थांबून १००० डॉलर? पैसे काल्पनिकच, पण ओढणारे ‘आत्ता’कडे जास्त झुकले. सोडून दिलेले मात्र कधीच न ओढणाऱ्यांसारखेच निघाले. सोडल्यामुळे धीर आला, की मुळात धीराचेच सोडू शकले, हे त्यातून ठरत नाही. तरी मला हा निष्कर्ष फार आशेचा वाटतो.

टपरीवरची सुटी सिगारेट म्हणजे या ‘आत्ता’चं सगळ्यात स्वस्त रूप. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, ते मला म्हणूनच पटलं. पाकिटाचे पैसे मोजताना निदान क्षणभर हात थबकतो.

आणि सोडणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगावंसं वाटतं : तल्लफेची एक लाट साधारण काही मिनिटांचीच असते. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात जड. तेव्हा मनाच्या अंदाजावर जाऊ नका, मनगटावरचं घड्याळ बघा. पाणी प्या, जिना उतरून या. अगदीच राहवेना, तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक फिरवा.