एल्कच्या शिकारीसाठी आउटफिटर निवडताना

पैसे घेऊन पाहुण्याला शिकारीला नेण्याचा धंदा आपल्याकडेही होता. नागपूरची ऑल्विन कूपर ही कंपनी परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारतातल्या जंगलांत वाघाच्या मागावर घेऊन जात असे. ती काढणारे विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हे प्रकरण मिटलं. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत मात्र हा व्यवसाय आजही कायदेशीर आहे आणि त्याला ‘आउटफिटर’ म्हणतात. डेन्व्हरमध्ये नोकरी करणारा एखादा मराठी तरुण ऑफिसातल्या मित्रांबरोबर एल्कच्या शिकारीला निघतो, तेव्हा पहिला प्रश्न हाच येतो की आउटफिटर कोणता घ्यायचा. शिकार करावी की नाही, हा वाद इथे नको. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलं, पण त्याहून थोराड हरीण. मोठ्या नराचं वजन तीनशे किलोच्या आसपास भरतं. अमेरिकेत सगळ्यात जास्त एल्क कोलोरॅडोत आहेत, आणि तिथे शिकार बहुधा नऊ-दहा हजार फुटांवर चालते. गोळी लागली की खरं काम सुरू होतं. कातडं लगेच सोलून मांस थंड केलं नाही तर ते आतून आंबतं. हाडं काढून टाकली तरी शंभरेक किलो मांस उरतं आणि ते गाडीरस्त्यापर्यंत आणायचं असतं. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तिथे गुन्हा आहे. त्यामुळे आउटफिटरला पैसे देताना आपण एल्क विकत घेत नसतो. जमिनीवर शिरण्याचा हक्क, घोडे-खेचरं, तंबू, स्वयंपाकी आणि डोंगर ओळखणारा माणूस, एवढं भाड्याने घेत असतो. वेबसाइटवर शिंगांचे फोटो हवे तेवढे सापडतात. आपण विचारायचं ते खेचरांबद्दल: किती आहेत, कोणाची आहेत, तळापासून रस्ता किती लांब?

त्याच ओघात जमिनीची चौकशी करावी. नॅशनल फॉरेस्टमध्ये धंदा करायचा तर आउटफिटरकडे फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना लागतो, आणि तो ठरावीक भागापुरताच असतो. खासगी रँच असेल तर मालकाशी करार लागतो. परवाना कोणत्या भागाचा आहे हे विचारून त्या भागाच्या रेंजर कार्यालयाला फोन करावा. पाच मिनिटांचं काम आहे, पण फार थोडे लोक करतात.

राज्याची नोंदणी वेगळी. कोलोरॅडोत ती राज्याच्या नियामक खात्याकडे असते. वायोमिंग, मोंटाना, आयडाहोत त्यासाठी स्वतंत्र मंडळं आहेत. आउटफिटर आणि गाइड या दोन निराळ्या भूमिका, हेही लक्षात ठेवावं. धंदा आउटफिटरचा असतो, गाइड त्याच्या हाताखाली काम करतो. ‘मी गाइड आहे, परस्पर स्वस्तात नेतो’ असं कोणी म्हणालं तर तिथूनच परतावं. १९०० सालचा लेसी कायदा बेकायदा मारलेलं जनावर राज्याबाहेर नेणं हा केंद्रीय गुन्हा मानतो, आणि त्यात गिऱ्हाईकही अडकू शकतं.

सर्वांत जास्त गोंधळ टॅगचा होतो. टॅग म्हणजे एक जनावर मारण्याची राज्याने दिलेली परवानगी. कित्येक ठिकाणी ती सोडतीने मिळते. कोलोरॅडोत अर्जाची मुदत एप्रिलच्या सुरुवातीला संपते, म्हणून आउटफिटरशी बोलणं आदल्या हिवाळ्यातच व्हायला हवं. न्यू मेक्सिकोच्या सोडतीत ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना आणि ६ टक्के बाकीच्या परराज्यातल्यांना असतात. तिथे करारामुळे नशीबही थोडं बदलतं. वायोमिंगमध्ये बाहेरच्या शिकाऱ्याला संरक्षित ‘विल्डरनेस’ क्षेत्रात गाइड किंवा स्थानिक सोबती असल्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. अलास्कात परदेशी नागरिकाला कुठल्याही मोठ्या जनावरासाठी गाइड लागतोच. सोडतीत नाव आलं नाही तर अनामत परत मिळणार की पुढच्या वर्षी वळती होणार, हे लेखी घ्यावं.

एच-वन व्हिसावर असणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याची मनाई आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद मिळतो. त्यामुळे मित्राची रायफल सरावाला हातात घेण्याआधी लायसन्स खिशात हवं. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना त्याआधी हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो.

आता यशाचे आकडे. ‘आमचं यश ऐंशी टक्के’ असं कोणी सांगितलं तर ते कशाचं, हे उलगडून घ्यावं. नराचं की मादीचं? रायफलचं की धनुष्यबाणाचं? खासगी रँचवरचं की सरकारी जंगलातलं? काही जण ‘संधी मिळाली’ यालाच यश म्हणतात, म्हणजे एल्क दिसला, नेम चुकला, तरी तो हिशेबात धरलेला. संदर्भासाठी जुन्या गिऱ्हाइकांची नावं मागताना रिकाम्या हाताने परतलेल्यांचीही मागावीत. भिंतीवर शिंगं लावलेला माणूस सगळ्याच गोष्टींची स्तुती करतो. रिकाम्या हाताने आलेला माणूस जेवण कसं होतं, गाइड पहाटे वेळेवर उठत होता का, चौथ्या दिवशीही तो नेटाने हिंडत होता का, हे नीट सांगतो.

चांगला आउटफिटर उलट तुम्हालाच प्रश्न विचारतो. गुडघे कसे आहेत, घोड्यावर कधी बसलात का, किती अंतरावर नेम खात्रीचा आहे? न विचारता तारखा देणारा मला तरी खटकतो. ‘ड्रॉप कँप’ हा स्वस्त प्रकारही असतो: तंबू आणि सरपण देऊन आउटफिटर निघून जातो, ठरल्या दिवशी न्यायला येतो. डोंगरात राहायची सवय नसलेल्याने पहिल्यांदा त्याच्या नादी लागू नये. समुद्रसपाटीवरून येणाऱ्याला विरळ हवेचाच त्रास होतो. दोन दिवस आधी पोचावं.

करारात बारीक अक्षरं बरीच असतात. निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची रीत आहे. जखमी होऊन निसटलेला एल्क बहुतेक जण ‘मारलेला’ धरतात, म्हणजे तुमची शिकार तिथेच संपली. गाइडची बक्षिसी, साधारण दहा ते पंधरा टक्के, किमतीत धरलेली नसते. मांस कापून पाकिटं करणाऱ्या दुकानाचा खर्चही वेगळा. हरणांना होणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा कोलोरॅडोतच १९६७ मध्ये लक्षात आला. तो पसरू नये म्हणून कित्येक राज्यं अख्खं डोकं किंवा पाठीचा कणा आत आणू देत नाहीत. तपासणीसाठी नमुना कोण पाठवणार आणि निकाल येईपर्यंत ते शंभर किलो मांस कोणाच्या फ्रीझरमध्ये राहणार, हेही आउटफिटरशी आधीच ठरवून घ्यावं.