डेंग्यू : पेशी मोजण्याच्या नादात

डेंग्यूचा रुग्ण दवाखान्यात असला की भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला : "पेशी किती आल्या?" आकडा दीड लाखाखाली गेला की घरात घालमेल, पन्नास हजारांवर आला की रक्तपेढ्यांना फोन, आणि तोवर कुणीतरी पपईची पानं शोधायला बाहेर पडलेलं असतं. डेंग्यूत माणूस नेमका कशानं दगावतो, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

बहुतेक मृत्यू पेशी, म्हणजे प्लेटलेट, संपल्यामुळे होत नाहीत. विषाणूशी लढताना प्रतिकारयंत्रणा जी रसायनं सोडते, त्यांमुळे केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातला पातळ भाग पोटात आणि छातीत उतरतो आणि रक्तदाब कोसळतो. हे घडतं बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरण्याच्या सुमारास. तेव्हा रक्तातला विषाणू ओसरायला लागलेला असतो. धोक्याचे ते २४ ते ४८ तास. 'ताप गेला, उद्यापासून कामावर जातो' हा समज म्हणूनच महागात पडतो.

पाझर सुरू झाला की रक्त दाट होतं. सीबीसी या रक्ततपासणीच्या कागदावर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' अशी एक ओळ असते. तिथे ४० चे ४८ झाले, म्हणजे मूळ आकडा २० टक्क्यांनी वाढला, की डॉक्टर सावध होतात. नातेवाइकांची नजर मात्र प्लेटलेटच्या ओळीवर खिळलेली.

मग पेशी चढवायच्याच नाहीत का? मोठा रक्तस्राव होत असेल तर प्रश्न वेगळा. नुसत्या आकड्यासाठी चढवण्याचा उपयोग सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी तपासला. पेशी २० हजार किंवा त्याहून कमी, पण मोठा रक्तस्राव नाही, असे सुमारे ३७० प्रौढ रुग्ण त्यांनी घेतले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला : पेशी चढवल्यानं रक्तस्राव टळला नाही, उलट पुरळ, खाज यांसारखे त्रास वाढले. पपईच्या पानांच्या रसाचं म्हणाल, तर धोक्याचा काळ सरला की पेशी आपोआप वाढतात आणि श्रेय रसाला मिळतं. त्या कडू रसानं उलट्या झाल्या तर पोटात राहायला हवं तेच पाणी बाहेर जातं.

'एकदा होऊन गेलाय, आता परत नाही' हा समज जास्त चिवट. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकारापासून जन्मभर संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून फक्त काही महिने. पुढे दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर जुनी प्रतिपिंडं त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. प्रतिपिंडं चिकटलेला विषाणू मग ज्या पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्या भक्षक पेशींतच सहज शिरतो आणि तिथेच वाढतो. १९६० च्या दशकात बँकॉकमध्ये काम करताना संशोधक स्कॉट हॉलस्टेड यांना दिसलं, की गंभीर आजारी मुलांत बहुतेकांची ही दुसरी लागण होती. काही रुग्ण मात्र वर्षाच्या आतली तान्ही बाळं होती. त्यांची लागण पहिलीच, पण अंगात प्रतिपिंडं होती, आईकडून आलेली. दुसऱ्यांदा डेंग्यू झालेले बहुतेक जणही बरेच होतात, पण गंभीर होण्याचा धोका तेव्हा वाढतो.

जुन्या प्रतिपिंडांच्या या उलट्या परिणामाची किंमत फिलिपिन्सनं मोजली. २०१६ साली तिथे डेंगव्हॅक्सिया ही लस शाळकरी मुलांना द्यायला सुरुवात झाली आणि ती आठ लाखांहून अधिक मुलांना मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनंच जाहीर केलं, की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांना लशीनंतर लागण झाली, तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे त्यांच्या बाबतीत लसच पहिल्या लागणीसारखी ठरत होती. कार्यक्रम थांबला. ज्यांना आधी डेंग्यू होऊन गेला होता त्यांना मात्र या लशीनं संरक्षणच दिलं, पण त्या गदारोळात हे ऐकायला कुणी तयार नव्हतं.

थोडक्यात, डेंग्यू बळावतो तो बहुधा प्रतिकारयंत्रणेच्याच प्रतिसादामुळे. तेव्हा 'प्रतिकारशक्ती कमी म्हणून डेंग्यू बळावला' असं जे निदान चांगल्या धडधाकट तरुणाच्या बाबतीतही सर्रास केलं जातं, त्यात फारसा अर्थ नाही. 'इम्युनिटी बूस्टर' सरबतांवर पैसे घालवू नयेत.

चाचण्यांबाबतही असाच गैरसमज असतो. एनएस१ ही चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत कामाची, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. चुकीच्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे डेंग्यू नाही, असं होत नाही.

घरी रुग्ण असेल तर तापाला पॅरासिटामॉलच द्या. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नको. पाणी, पेज, ओआरएस देत राहा. ताप उतरल्यावर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गळून जाणं, हातपाय गार पडणं, सहा तासांत लघवीच न होणं, यांतलं काहीही दिसलं तर पेशींचा रिपोर्ट यायची वाट न बघता रुग्णालय गाठा.