दीड व्हायल एकदम? हो, एकदमच!

नर्स इंजेक्शन भरत असते आणि उशाशी बसलेला नातेवाईक व्हायल मोजत असतो. "सिस्टर, दीड व्हायल एकदम? किडनीवर लोड येईल हो. तीन वेळा थोडं थोडं द्या ना!" औषध असतं अ‍ॅमिकासिन, रुग्णाचं वजन 50 किलो. किलोमागे 15 मिलिग्रॅम धरले तर 750 मिलिग्रॅम होतात, म्हणजे पाचशेची एक व्हायल आणि दुसरीतली अर्धी. दिवसातून एकदाच, सलाइनमधून, अर्ध्या-एक तासात. हिशेबात कुठेही चूक नसते. तरी हा प्रश्न प्रत्येक वॉर्डात येतो आणि विचारणाऱ्याचा सूर असा, की जणू डॉक्टरांनी आळसापायी तीन डोस एकात उरकले.

या गैरसमजाची चीड येते, पण तो मूर्खपणाचा नाही हेही कबूल करायला हवं. जेंटामायसिन, अ‍ॅमिकासिन या गटातली औषधं किडनीला इजा करू शकतात हे खरंच आहे. आणि कित्येक वर्षं खुद्द डॉक्टरही ती आठ-आठ किंवा बारा-बारा तासांनी विभागूनच देत असत. चुकतं ते पुढचं गणित: डोस मोठा म्हणजे इजा मोठी.

हे औषध किडनीतल्या बारीक नलिकांच्या पेशींत साठतं आणि तिथे नुकसान करतं. पेशीच्या आत जायला त्याला मेगालिन नावाचं प्रथिन लागतं आणि त्याची क्षमता ठरलेली असते. एसटीसारखंच. स्टँडवर एकदम दोनशे माणसं आली तरी गाडीत बसणार पन्नास-साठच, बाकीची दुसऱ्या वाटेने निघून जाणार. पण तीच दोनशे दिवसभर टप्प्याटप्प्याने आली, तर प्रत्येक फेरी भरून जाते. एकदम दिलेल्या डोसातलं बरंचसं औषध लघवीवाटे निघून जातं आणि नंतरचे कित्येक तास रक्तातली पातळी नगण्य राहते. विभागून दिलं की पेशींना ती उसंतच मिळत नाही.

हे नुसतं कागदावरचं तर्कशास्त्र नाही. आजारामुळे किडनी काढावी लागणार होती अशा रुग्णांना बेल्जियमच्या संशोधकांनी शस्त्रक्रियेआधी जेंटामायसिन दिलं. काहींना एकदम, काहींना तेवढंच 24 तास संथ धारेने. काढलेल्या किडनीत औषध जास्त सापडलं ते संथ धारवाल्यांच्या. हा अभ्यास 1989चा. 1993 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या डच चाचणीत तीन वेळा जेंटामायसिन घेणाऱ्यांपैकी 24 टक्क्यांच्या किडनीला इजा झाली, एकदाच घेणाऱ्यांपैकी 5 टक्क्यांच्या. सगळ्या चाचण्यांत फरक एवढा ठसठशीत नाही; 1996 साली अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा धोका साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. पाव तर पाव! शिवाय जंतू मारण्याची या औषधाची ताकद त्याच्या शिखर-पातळीवर अवलंबून असते आणि पातळी उतरल्यावरही जंतू काही तास डोकं वर काढत नाहीत. म्हणजे एकदम देण्यात उपचाराचंही नुकसान नाही.

किडनी आधीच अशक्त असेल तर? तेव्हाही डॉक्टर बहुधा दोन डोसांमधलं अंतर वाढवतात, 36 किंवा 48 तासांपर्यंत. हृदयाच्या झडपेच्या काही संसर्गांत मात्र ते जाणूनबुजून विभागून देतात. तो निर्णय त्यांचा, व्हॉट्सअ‍ॅपचा नव्हे.

आता किरकोळ समज. 'लघवी व्यवस्थित होतेय, म्हणजे किडनी ठीक': नाही, या इजेत लघवीचं प्रमाण बहुधा नेहमीसारखंच राहतं, वाढतं ते रक्तातलं क्रिएटिनिन. 'भरपूर पाणी प्यायलं की औषध बाधत नाही': शरीरात पाणी कमी पडू न देणं चांगलंच, पण ते उतारा नव्हे. 'किडनी सावरली म्हणजे कानही सुटले': किडनी बहुतेकदा सावरते, या औषधांनी गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही, आणि दिवसातून एकदा दिल्याने कानांना तसं ठोस संरक्षण मिळाल्याचं दिसलेलं नाही.

आणि सगळ्यांत घातक: 'मग अमॉक्सिसिलिनच्या तिन्ही गोळ्याही सकाळीच घेऊन टाकू.' अजिबात नाही! त्या औषधाचं काम पातळी किती उंच गेली यावर चालत नाही, ती किती तास टिकली यावर चालतं. तिथे आठ तास म्हणजे आठच तास.

वॉर्डात विचारायचंच असेल तर व्हायल मोजू नका, तीन गोष्टी विचारा: इंजेक्शनचा आज कितवा दिवस, क्रिएटिनिन शेवटचं कधी तपासलं, आणि सोबत डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक चालू आहे का. इजा बहुतेकदा पाच-सात दिवसांनंतर दिसू लागते, आणि इंजेक्शन वेळेत थांबवलं तर बहुतेक रुग्णांची किडनी पूर्ववत होते.