यंत्रावरचा रोगी आणि गुंगीचे औषध



इस्पितळात घशात नळी घालून यंत्राने श्वास देतात, तेव्हा रोग्याला वेदना होतात, भीती वाटते. म्हणून गुंगीचे औषध देतात. पूर्वी गाढ झोप हीच दया समजली जाई. पण २००० साली शिकागोच्या डॉक्टरांनी १२८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे औषध रोज थांबवून त्यांना जागे केले, त्यांचे यंत्र साधारण ५ दिवसांत सुटले. इतरांचे ७ दिवसांत. म्हणून आता आधी वेदना शमवितात आणि शक्य तेथे गुंगी हलकीच ठेवतात. काहींना गाढ झोप लागतेच. ते डॉक्टर ठरवितात.

आपल्या माणसाने डोळे उघडले तर "त्याला झोपवा" असा हट्ट धरू नये. हात धरावा, नावाने हाक मारावी, आज वार कोणता ते सांगावे. नळीमुळे त्याला बोलता येत नाही. ऐकू मात्र येते.